शिष्ट नव्हे, तुसडाही नव्हे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी यंदा मला बोलावयास उभे केले आहे. आजवर या जागेवरून लोणची-मुरंबे, बाळंतिणीचा आहार, पोस्टातली बचत अशा विषयांवर जाणत्या भगिनी बोलून गेल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु जो विषय मी घेतला आहे तो मी २५ वर्षे रांधता-वाढताना घरातच शिकले आहे. आणि त्यातला पुस्तकी भाग माझ्या थोरल्या मुलीने मला वाचून समजावून दिला आहे. ती कॉलेजात मानसशास्त्र घेऊन शिकते.

विषय आहे ऑटिझमचा. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. स्वमग्न म्हटले की डोळ्यांपुढे काय उभे राहते? स्वतःच्याच तोऱ्यात असलेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला माणूस. मूळ परदेशी शब्दही याच घाटाचा आहे. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९११ च्या सुमारास तो बनविला, तोही दुसऱ्याच एका मनोविकाराच्या लक्षणासाठी. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकिगत लिहिली, १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी लिहिली, आणि दोघांनीही तोच शब्द उचलला. (त्यांच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी अशाच सहा मुलग्यांचे बारकाईने वर्णन करून ठेवले होते. ते इंग्रजीत यावयास ७० वर्षे लागली. बाईचे लिहिणे वाचावयाची घाई कोणाला असते!) म्हणजे गैरसमजाला सुरुवात बारशापासूनच झाली म्हणा ना.

हा रोग नव्हे, लागण नव्हे, बाधा तर नव्हेच. मेंदूची घडण जन्मतःच निराळी असते, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक माणूस असा होता. पाच-सहाशे वस्तीची आळी धरली तर चार-पाच जण होतात. सगळे एकासारखे एक नसतात. काहींना आयुष्यभर बोलता येत नाही, अंगावर कपडा घालावयासही माणूस लागते. तर १९४७ साली जन्मलेल्या, अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या बाई लहानपणी उशिरा बोलू लागल्या आणि मोठेपणी विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. या दोहोंच्या मध्ये कितीतरी तऱ्हा. आमचे भावजी त्यातलीच एक तऱ्हा.

तुम्ही सर्वजणी त्यांना ओळखता. छापखान्यात फॉर्म दुमडावयास जातात, संध्याकाळी स्टँडवर उभे राहून पसरणीचा घाट उतरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितात, तेच ते. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ते ११ वर्षांचे होते, आज ३६ चे आहेत. एस्.टी.च्या पाटीवरचा नंबर पाहून ही गाडी दापोडीच्या कारखान्यात बांधली, की चिकलठाण्याला, की नागपूरजवळ हिंगण्याला, हे ते सांगतात. एम्. एच्. १४ असेल तर दापोडी, २० असेल तर चिकलठाणा, ४० असेल तर हिंगणा. मलाही आता येते!

भावजींविषयी आळीत काय बोलले जाते ते माझ्या कानांवर येत नाही असे नाही. शिष्ट आहेत, तुसडे आहेत, मायाममता नाही, चक्रम आहेत. तेव्हा एकेका शब्दाकडे थोडे पाहू.

पहिली गोष्ट नजरेची. बोलताना भावजी समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाहीत. खाली किंवा बाजूला पाहतात. लोक म्हणतात, मनात काहीतरी काळेबेरे असल्याशिवाय माणूस नजर चुकवील का? आता गंमत पहा. मी नवी नवरी होते तेव्हा वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून उभी राहिले, तर सगळ्यांनी माझ्या आईवडिलांचे कौतुक केले की, काय वळण लावले आहे मुलीला! तीच खाली गेलेली मान पुरुषाची असली की चोराची ठरते. भावजींना मी एकदा सरळ विचारले. ते म्हणाले, "वहिनी, डोळ्यांकडे पाहिले की ऐकू येत नाही." पुष्कळ ऑटिस्टिक माणसे हेच सांगतात, की डोळे पाहावे तर शब्द निसटतात. म्हणजे ते तुमच्याकडे पाहत नाहीत तेव्हाच तुमचे नीट ऐकत असतात.

दुसरी गोष्ट बोलण्याची. यावर मला जरा जास्त बोलावयाचे आहे, कारण आपली मराठी भाषा या बाबतीत फार लबाड आहे. निघताना आपण "येतो" म्हणतो. "जातो" म्हणणे अशुभ. बांगडी फुटली तर ती "वाढली". दुकान बंद केले तर ते "वाढवले". नारळ फोडला तर तोही "वाढवला". डब्यातले तांदूळ संपले तर ते "उदंड झाले". आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की आपण उलटे बोलतो हे आपल्या ध्यानातही येत नाही. आता ज्याचा मेंदू शब्दाचा सरळ अर्थ आधी घेतो त्याने काय करावे? माझ्या लग्नाच्या वर्षी शेजारच्या मावशी ओट्यावर हळहळत म्हणाल्या, "अगं बाई, बांगडी वाढली!" तर भावजींनी जवळ जाऊन विचारले, "किती?" सगळ्या हसल्या. पण भावजी थट्टा करीत नव्हते. त्यांना खरोखरच किती ते हवे होते. अजूनही कोणाच्या घरून निघताना ते "जातो" म्हणतात. कोणी म्हणाले, "जातो काय, येतो म्हणा," तर उत्तर मिळते, "आज मी परत येणार नाही." यात उद्धटपणा कोठे आहे सांगा. खोटे कोण बोलते आहे, ते की आपण?

तसेच "या एकदा निवांत घरी" हे. आपण ते शंभर जणांना म्हणतो, शंभर जण येत नाहीत आणि आपलीही तशी अपेक्षा नसते. भावजी गेले. रविवारी दुपारी जाऊन बसले. यजमानांनी आळोखेपिळोखे दिले, घड्याळ पाहिले, शेवटी म्हणाले, "बराच वेळ झाला नाही?" भावजींनीही घड्याळ पाहिले आणि सांगितले, "१ तास ५० मिनिटे." पुढे आळीभर झाले, की हे एकदा बसले की उठत नाहीत. अहो, "आता आम्हाला कामे आहेत, तुम्ही जा," एवढे म्हटले असते तर त्याच क्षणी चपला घालून निघाले असते, आणि मनात तीळभर राग धरला नसता. आपल्यातल्या किती जणींना असे सांगितलेले सोसेल?

मायाममता नाही, हा आरोप मला सर्वांत लागतो. पलीकडच्या घरचे आजोबा वारले तेव्हा भावजी भेटावयास गेले. डोळ्यांत पाणी नाही, तोंडावर दुःख नाही. "किती वाजता गेले? आधी श्वास थांबला की नाडी?" असे विचारू लागले. बायकांनी तोंडाला पदर लावले. ठीक आहे, ती विचारावयाची वेळ नव्हती. परंतु दुसऱ्या दिवसापासून तेराव्यापर्यंत त्या घरचे पिण्याचे पाणी पहाटे कोणी भरले? कोणाला काही न सांगता, कोणी न सांगता, हंडे भरून दारात ठेवून भावजी निघून येत. ज्या घरी दुःख असते तेथे पाणी भरावयास हात नसतात, हे त्यांना समजले होते. तोंडावर दिसले नाही, इतकेच. गळ्यात पडून रडणारे आणि तिसऱ्या दिवशी पत्ता नसणारे लोक आपण पाहिले आहेत की नाही?

गोंगाटाचेही असेच. कुकरची शिट्टी, मिक्सर, विसर्जनाचे स्पीकर. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो तो त्यांच्या अंगावर येतो. ते कानांवर हात ठेवतात, येरझाऱ्या घालतात, बोटे हलवीत राहतात. त्याने त्यांचे मन ठिकाणावर येते. पाहणाऱ्याला वाटते, प्यायले असावेत, नाहीतर अंगात आले असावे. भावजी लहान असताना एका भगताकडे नेले होते. त्याने काय केले ते या सभेत सांगण्यासारखे नाही. "लग्न करून द्या, आपोआप सुधारेल," हे सांगणारे तर अजून येतात. मी त्यांना विचारते, भावजींना लग्न करावयाचे आहे का, हे कोणी भावजींना विचारले का? आणि जिला काही न सांगता आणाल तिने काय पाप केले?

आता मुलीने वाचून दाखविलेल्या दोन गोष्टी सांगते. अमेरिकेत टेक्सास येथील सॅसन आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१७ साली एक अभ्यास छापला. काही ऑटिस्टिक माणसांना आणि काही इतर माणसांना थोडा वेळ स्वतःविषयी बोलावयास लावून त्याचे चित्रण केले. मग परक्या लोकांना ते दाखविले. काहींना हलते चित्र, काहींना नुसता आवाज, काहींना एकच स्थिर छायाचित्र, आणि काहींना केवळ बोललेल्याचा उतारा कागदावर. ज्यांनी पाहिले किंवा ऐकले त्यांनी काही क्षणांतच ऑटिस्टिक माणसांविषयी वाईट मत केले. याच्याशी बोलावेसे वाटत नाही, याच्या शेजारी राहावेसे वाटत नाही. परंतु ज्यांनी नुसता कागद वाचला त्यांच्या मतांत हा भेद उरलाच नाही! म्हणजे बोलण्यातल्या मजकुरात काही उणे नव्हते. हातवारे, चेहरा, आवाजाची पट्टी, एवढ्यावर माणूस नापास झाला. ही मुली पाहावयाची जुनी पद्धत झाली. चालून दाखव, बसून दाखव, आणि नापसंत.

दुसरी गोष्ट आपल्या कानगोष्टींच्या खेळाची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण खेळतो ना, तोच. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी ७२ माणसे घेतली आणि आठ-आठांच्या रांगा केल्या. काही रांगांत सगळे ऑटिस्टिक, काहींत एकही नाही, काहींत मिसळ. पहिल्याला गोष्ट सांगितली, त्याने दुसऱ्याला, असे शेवटपर्यंत. सर्व-ऑटिस्टिक रांगांत गोष्ट जितकी टिकली तितकीच दुसऱ्या रांगांत. मिसळ रांगांत मात्र फार गळली. यावरून असे दिसले की, त्यांना बोलता येत नाही असे नव्हे, दोन तऱ्हांच्या माणसांचे एकमेकांशी जुळत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या इंग्रज गृहस्थांनी २०१२ सालीच हे मांडले होते, की समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडची असते. पुढे क्रॉम्प्टनबाईंनीच ३०० वर माणसे घेऊन पुन्हा मोठी पाहणी केली. ती २०२५ साली छापून आली. तीत मिसळ रांगांतही गोष्ट तितकीच टिकली. मुलगी म्हणाली, "आई, पहिला निकाल दुसऱ्या वेळी आला नाही." मी म्हटले, मला तर हा दुसराच जास्त आवडला. दोन्ही वेळा ऑटिस्टिक माणसे कमी पडली नाहीत, आणि मिसळ म्हणजे बिघाड झालाच पाहिजे असेही नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे कळतही नाही. मुलगी चारचौघींचे पाहून हसावयास, बोलावयास शिकते, नक्कल करते, आणि घरी आल्यावर दार लावून पडून राहते. आपण म्हणतो, लाजाळू आहे, किंवा फार माजली आहे. अशा कित्येकींना तिशी-चाळिशीत आपले नाव कळते.

आणि आईला दोष देण्याची रीत सगळ्या जगात एकच दिसते. माझ्या सासूबाईंना आयुष्यभर ऐकावे लागले, की पोटुशी असताना ग्रहणात सुरी हातात धरली असेल. सुधारलेल्या अमेरिकेत काय झाले? तेथे मोठमोठ्या विद्वानांनी सांगितले की आई बर्फासारखी थंड असते, मायेने जवळ घेत नाही, म्हणून मूल असे होते. बेटेलहाइम नावाच्या गृहस्थांनी १९६७ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. वास्तविक बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच हा दोष शरीराच्या घडणीत आहे, आईच्या मायेत नव्हे, असे पुस्तक लिहून सांगितले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः अशा मुलाचे वडील होते. आमच्या सासूबाई २०१९ साली गेल्या. भावजींना पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून नाव सांगितले ते त्याआधी तीन वर्षे. त्या दिवशी सासूबाईंनी मला दोनदा विचारले, "म्हणजे ग्रहणाने नाही ना गं?"

आपल्या सरकारने १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम धरला नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही आहे. पण कायदा स्टँडवर आपल्या शेजारी उभा नसतो. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराच्या स्टँडवर भावजी नेहमीप्रमाणे नंबर लिहीत होते. कोणाचे तरी पाकीट गेले. हा माणूस नजर देत नाही, वहीत काही खरडतो, नाव विचारले तर गाडीचा नंबर सांगतो, झाले. चार माणसांनी धरले आणि मारले. आपल्या बाजूच्या एका कंडक्टरने ओळखले म्हणून सुटले. पाकीट पुढे त्या माणसाच्या पिशवीतच निघाले. घरी येऊन भावजी जेवले, निजले. त्या दिवशीचा सदरा पुन्हा अंगाला लावला नाही. १९ दिवसांनी मी भाकऱ्या करीत होते तेव्हा चुलीशी, म्हणजे शेगडीशी, येऊन म्हणाले, "वहिनी, वही लिहिणे गुन्हा आहे का?"

आता जे बोलावयाचे म्हणून मी उभी राहिले ते बोलते. गेल्या श्रावणात आपल्या आळीत सह्यांसाठी एक कागद फिरला. आमचे भावजी नळावर उभे राहून बायकांकडे टक लावून पाहतात, त्यांना आवरावे, नाहीतर पुढचा विचार करावा लागेल, असा तो कागद. मी कोणाचे नाव घेणार नाही. ज्यांनी सही केली त्यांच्यावर माझा राग नाही. कारण बाईला नजरेचे भय का वाटते हे मलाही बाई म्हणून ठाऊक आहे. ते भय खोटे आहे असे मी कधीच म्हणणार नाही. मी एवढेच सांगते की भावजी पाहतात ते हंड्याकडे. पाणी किती वाजता आले, कितव्या हंड्याला धार बारीक झाली, केव्हा गेले, हे चार वर्षांचे लिहिलेले आहे. वही मी आज बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाची त्यांनी पाहावी. तीत एकाही बाईचे नाव नाही. तुमच्यातल्या कित्येकी रोज सकाळी त्यांनाच विचारतात, "पाणी केव्हा येईल हो?" त्या वहीचा कोणाला काही उपयोग होत नसता तरी मी आज हेच बोलले असते, ही गोष्ट निराळी.

कागद आल्यावर मी त्यांना म्हटले, "भावजी, नळापासून दहा पावले लांब, पिंपळाच्या पारावर बसून लिहा, बायकांना जवळ उभे राहिलेले आवडत नाही." त्यांनी दहा पावले मोजली आणि त्या दिवसापासून तेथेच बसतात. त्याआधी २५ वर्षांत, जवळ उभे राहू नका, असे आळीत त्यांना कोणीही सरळ सांगितले नव्हते. आपण तोंडे फिरविली, खाकरलो, पदर सावरले. हे इशारे त्यांना वाचता येत नाहीत. तेव्हा काही खटकले तर तोंडावर, साध्या शब्दांत सांगत जा. ते रागावत नाहीत. मागून येऊन खांद्यावर हात मात्र ठेवू नका. प्रश्न विचारला तर उत्तरासाठी पाच-दहा श्वास थांबा, मध्ये दुसरा प्रश्न घालू नका. वेळ सांगितली तर पाळा. आणि तो कागद अजून फाडलेला नाही असे मला कळते. ज्यांच्यापाशी आहे त्या बाई या सभेत बसल्या आहेत. त्यांनी चहा घेताना माझ्याशी बोलावे, एवढी विनंती आहे. मी त्यांच्या घरीही येईन.

आजच्या सतरंज्या भावजींनी घातल्या आहेत आणि त्या उचलावयास ते खाली उभे आहेत. त्यांना मी सभा साडेसहाला संपेल असे सांगितले होते. आता सहा वाजून चाळीस मिनिटे झाली, तेव्हा मी बसते.